साथीचा ट्रॅक: आधी कानासाठी, मग हातासाठी

व्हायोलिन, चेलो, फ्लूट किंवा क्लॅरिनेटच्या परीक्षेचं पुस्तक आणलं की त्यात बहुधा दोन वह्या निघतात. एक पातळ, फक्त आपल्या वाद्याची. दुसरी जाड, पियानोची. तिच्यात पियानोच्या दोन ओळी मोठ्या आणि त्यांच्या डोक्यावर व्हायोलिनची ओळ बारीक टायपात छापलेली. पातळ वही स्टँडवर चढते आणि वर्षभरात तिचे कोपरे दुमडतात. जाड वही कपाटात जाते, ती परीक्षा तोंडावर आल्यावरच बाहेर पडते. मुंबई-पुण्यात किंवा पणजी-मडगावात ती बघून वाजवणारा पियानिस्ट शोधला तर मिळतो. नाशिक, कोल्हापूर, सोलापूरकडे व्हायोलिनचे शिक्षक भेटतात, पण नोटेशन वाचून साथ करणारा पियानिस्ट भेटणं अवघड. मिळालाच तर एखाददुसरी तालीम होते, आणि त्या तालमीत वर्षभर एकटं वाजवलेलं मूल पियानोचा पहिला सूर कानावर पडताच गडबडतं. बोटं बसलेली असतात, सूरही बसलेले असतात. आपण गप्प असताना दुसरं वाद्य काय म्हणतं, एवढंच त्याला माहीत नसतं.

यावरचा सोपा उपाय म्हणजे रेकॉर्ड केलेली साथ, ज्याला वादक मंडळी ‘मायनस ट्रॅक’ म्हणतात. हा काही मोबाइलच्या जमान्यातला शोध नाही. न्यूयॉर्कमध्ये अर्विंग क्रात्का यांनी 1950 साली ‘म्युझिक मायनस वन’ ही रेकॉर्ड कंपनी काढली, ती एक वाद्य वगळून बाकीचं संगीत विकण्यासाठीच. शुबर्टच्या ‘ट्राउट’ पंचकातलं आपलं वाद्य घरी बसून वाजवा, बाकीचे चौघे तबकडीवर आहेत, असा तो प्रकार होता. तेव्हा प्रश्न ट्रॅक मिळण्याचा होता. आता तो निवडण्याचा आहे. एकाच रचनेच्या डझनभर साथी फुकट सापडतात आणि त्यांतल्या बऱ्याच आपल्या कामाच्या नसतात. कोणती घ्यावी हे ठरवायचं तर ती कशासाठी हवी, हे आधी ठरवावं लागतं. साथीचा ट्रॅक मुख्यतः ऐकण्यासाठी आहे, त्याच्याबरोबर वाजवणं ही पुढची पायरी आहे, असं माझं म्हणणं आहे. हे पटलं की कुठे शोधायचं, काय पारखायचं आणि कसं वापरायचं, हे सगळं त्यातूनच ठरत जातं.

आपल्याकडच्या वाचकाला साथीची रेकॉर्ड म्हटल्यावर लेहरा आठवेल. तबल्याचा विद्यार्थी अ‍ॅपवर लेहरा लावून तासन्‌तास रियाज करतो आणि त्याचा फायदाही होतो. पण लेहरा आवर्तनात फिरतो. मध्येच चुकलात तरी सम पुन्हा येणारच असते आणि पुढच्या समेला सामील होता येतं. पियानोची साथ परत फिरून येत नाही. ती रचनेबरोबर पुढे जाते, वाटेत राग-लोभ दाखवते, सूर बदलते, कधी आपल्याला वाट करून देते तर कधी स्वतःच बोलू लागते. बेटहोवनच्या 1801 सालच्या ‘स्प्रिंग’ सोनाटाचा, म्हणजे ओपस 24 चा, आरंभ पाहा. पहिले दहा बार धून व्हायोलिनकडे असते आणि पियानो खाली तुटक स्वरांची झुळझुळ धरून ठेवतो. अकराव्या बारला तीच धून पियानो उचलतो आणि झुळझुळ व्हायोलिनच्या वाट्याला येते. ज्याने केवळ पातळ वही पाहिली आहे, तो ती झुळझुळही धून असल्यासारखीच जोरात वाजवतो, कारण आता आपण साथीला आहोत हे त्याच्या वहीत कुठेच लिहिलेलं नसतं. ते पियानो ऐकूनच कळतं. म्हणून ट्रॅक शोधण्याआधी जाड वही कपाटातून काढा. परीक्षेच्या पुस्तकाची झेरॉक्स घेताना फक्त व्हायोलिनची पानं घेण्याची सवय असेल तर ती मोडा. जुन्या संगीतकारांच्या रचनांचं पूर्ण नोटेशन 2006 पासून सुरू असलेल्या आयएमएसएलपी या संकेतस्थळावर कायदेशीरपणे, फुकट मिळतं.

नोटेशन हाताशी असलं की पहिली पारख करता येते, ती आवृत्तीची. रचनेचं नाव जुळलं म्हणजे ट्रॅक जुळला असं होत नाही. विवाल्दीचा ए मायनर कन्चेर्टो, ओपस 3 क्रमांक 6, जवळजवळ प्रत्येक व्हायोलिन विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो. तो मुळात 1711 साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये छापला गेला. सुझुकी या व्हायोलिन शिकवणीच्या पुस्तकमालेच्या चौथ्या भागातली प्रत मात्र तिवादार नाचेझ या व्हायोलिनवादकाने बऱ्याच काळाने केलेल्या संपादनावर आधारलेली आहे आणि ती मूळ रचनेपासून जागोजागी वेगळी पडते. मूळ प्रतीवरून वाजवलेली साथ लावून सुझुकीची वही वाजवायला घेतली तर काही बार ठीक जातं, मग कुठेतरी दोघांची वाट फुटते आणि मुलाला वाटतं की आपलंच चुकलं. म्हणून ट्रॅक लावून आधी वाद्य न घेता फक्त बोटाने नोटेशनवरून चालत जा. पुनरावृत्ती घेतली आहे का, मधले बार गाळले आहेत का, शेवट तोच आहे का, हे पाच मिनिटांत समजतं. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांनी आणखी एक पाहायचं. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर सी लिहिलेला असतो तेव्हा पियानोवरचा बी-फ्लॅट ऐकू येतो. तीच धून फ्लूटसाठी लिहिलेल्या पुस्तकात वेगळ्या पट्टीत असू शकते. त्यामुळे ट्रॅक आपल्याच वाद्यासाठीच्या आवृत्तीचा आहे, याची खात्री हवी.

शोधायला निघाल्यावर घरापासून सुरुवात करावी. परीक्षा मंडळांच्या आणि शिकवणीच्या अनेक पुस्तकांसोबत आज साथीच्या फाइल मिळतात, पूर्वी सीडी मिळायची. डाउनलोडचा कोड बहुधा आतल्या पानावर छापलेला असतो आणि तो कित्येक घरांत कधी वापरलेलाच नसतो. सुझुकी व्हायोलिनच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिनसह वादन असतं, तशीच नुसती पियानोची साथही असते. पुस्तकाबरोबर काही नसेल तर खास साथीसाठी काढलेल्या माला बघाव्यात. ‘म्युझिक मायनस वन’ आता हॅल लेनर्ड या प्रकाशकाकडून निघते. ‘डोवानी’ या मालेत एकच साथ संथ, मध्यम आणि मूळ अशा तीन लयींत दिलेली असते आणि घरच्या रियाजाला हे फार सोयीचं पडतं. तिसरा पर्याय अ‍ॅपचा. ‘टोमप्ले’मध्ये पडद्यावर नोटेशन सरकतं आणि साथीची लय कमीजास्त करता येते. ‘मेट्रोनॉट’ माइकमधून आपलं वादन ऐकून आपल्या लयीमागे यायचा प्रयत्न करतं. वादकाच्या मागोमाग जाणाऱ्या अशा साथीवरचं काम रॉजर डॅननबर्ग आणि बॅरी व्हर्को यांनी 1984 मध्येच एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडलं होतं, आज ते खिशात आलं आहे. या अ‍ॅपना वर्गणी लागते. आपली रचना तिथे आहे का, हे पाहिल्याशिवाय वर्षाचे पैसे भरू नयेत.

बहुतेक जण मात्र सरळ यूट्यूबवर जातात, आणि त्यात वावगं काही नाही. तिथे अनेक चांगल्या पियानिस्टांनी विद्यार्थ्यांसाठी मन लावून साथी वाजवून ठेवल्या आहेत. फक्त शोध नीट घालावा लागतो. ‘व्हायोलिन कन्चेर्टो कराओके’ असं टाकलं तर काहीही येतं. संगीतकाराचं आडनाव, ओपस किंवा कॅटलॉग क्रमांक, कितवी मूव्हमेंट, आपलं वाद्य आणि शेवटी ‘पियानो अकंपनिमेंट’, अशा क्रमाने इंग्रजी अक्षरांत लिहिलं की नेमकं हाती लागतं. उदाहरणार्थ, रीडिंगचा बी मायनर कन्चेर्टो हवा असेल तर ‘ओपस 35’ हे शब्द टाकल्याशिवाय त्याच्याच दुसऱ्या कन्चेर्टोत शिरण्याची भीती राहते. सापडल्यावर ट्रॅकचा सूर ट्यूनरवर तपासा. आजचा प्रचलित ए 440 हर्ट्झचा. काही रेकॉर्डिंग 442 वर असतात. हा फरक साधारण आठ सेंटचा (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर), वाद्य किंचित चढवून भागतो. पण बरोक शैलीत वाजवलेली साथ 415 वर असेल तर ती जवळजवळ अर्धा सूर खाली असते. तिच्याशी जुळवायला व्हायोलिन उतरवण्यापेक्षा दुसरा ट्रॅक घेणं बरं. ट्रॅकच्या आधी मोजणी दिली आहे का, हेही बघा. ज्या रचनेत दोघं एकदम सुरू करतात, तिथे मोजणी नसलेला ट्रॅक दर वेळी पहिला बार खातो.

आता लयीचं. यूट्यूबवर गती कमी केली तरी सूर तोच राहतो. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज टेम्पो’ने फाइलची लय कायमची बदलून ठेवता येते. पण खऱ्या पियानोचं रेकॉर्डिंग फार ताणलं तर आवाज फाटका आणि घुमल्यासारखा येतो. पाऊणपटीपर्यंत सहसा चालतं. त्याहून संथ हवं असेल तर संगणकाने वाजवलेली साथ जास्त उपयोगी, कारण तिथे ताणायला ध्वनीच नसतो, नुसते स्वर असतात. म्यूझस्कोर स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात पियानोचं नोटेशन भरलं, किंवा मिळालेली मिडी किंवा म्युझिकएक्सएमएल फाइल उघडली, की मिक्सरमध्ये व्हायोलिनची ओळ बंद करता येते, हवी ती लय लावता येते, चार बार निवडून तेवढेच पुन्हापुन्हा ऐकता येतात, आणि सुरुवातीला मोजणीही मिळते. लोकांनी चढवलेल्या फाइलींत चुका असतात, त्या छापील वहीशी ताडून घ्याव्यात. आणि म्यूझस्कोर नावाच्या संकेतस्थळाची वर्गणी वेगळी, सॉफ्टवेअर वेगळं. सॉफ्टवेअरसाठी पैसे द्यावे लागत नाहीत. यंत्राची साथ कोरडी असते हे खरं. पण जी जागा अजून बोटांतच बसलेली नाही, तिथे भावपूर्ण साथीचा तसाही काही उपयोग नसतो.

ट्रॅक हाती आल्यावर लगेच वाद्य उचलायचा मोह होतो. तोच आवरायचा. पहिले काही दिवस जाड वही समोर घेऊन फक्त ऐका. आपली ओळ मनातल्या मनात म्हणा, आणि पातळ वहीत पेन्सिलीने खुणा करा: इथे पियानोचा डावा हात एकटा उतरतो, इथे त्याचा तुटक स्वर आला की आपण यायचं, इथे दोघांचा सूर एकच आहे. आपल्याला मोठी विश्रांती आहे तिथे नुसतं ‘एक दोन तीन चार’ मोजत बसू नका. पियानो त्या वेळी काय वाजवतो, ते गुणगुणता आलं पाहिजे. मोजणी परीक्षेच्या खोलीत घाबरल्यावर विसरते, गुणगुणलेलं विसरत नाही. त्यानंतर संथ लयीवर, तुकड्यातुकड्याने वाजवा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाजवायचा नियम एकच: चुकलं तरी ट्रॅक थांबवायचा नाही. कान पियानोवर ठेवून पुढच्या ओळखीच्या जागी सामील व्हायचं. वादक एकत्र वाजवतात तेव्हा हेच कौशल्य लागतं आणि एकट्याच्या रियाजात ते कधीच कमावता येत नाही. रोज हे करायची गरज नाही. अवघड जागा एकट्याने, संथपणे घासायच्या असतात, तिथे ट्रॅक अडचणच करतो. आठवड्यातून दोन-तीनदा ट्रॅकबरोबर वाजवलं तरी पुरे.

यावर अनुभवी शिक्षकांचा एक आक्षेप असतो आणि तो वजनदार आहे. ट्रॅक वादकाचं ऐकत नाही. त्याच्याबरोबर वाजवून वाजवून मूल यंत्रासारखं वाजवू लागतं, श्वास घेणं, जरा थांबणं, वाक्य संपवताना लय सैल सोडणं, हे सगळं मरून जातं. काही रचनांच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे. मोंटीच्या ‘चार्दाश’चा संथ आरंभ घ्या. तिथे लय वादकाच्या मर्जीवर चालते आणि पियानिस्ट त्याच्या गजाकडे बघत थांबून राहतो. तो भाग ट्रॅकवर बसवणं म्हणजे त्याचा जीवच काढून घेणं. मासनेच्या ‘थाईस’ ऑपेरातल्या ‘मेडिटेशन’चंही तसंच. अशा रचना ट्रॅकवर फक्त ऐकाव्यात. वाजवायच्या असतील तर मेट्रोनॉटसारख्या मागे येणाऱ्या अ‍ॅपवर, तेही जपून. पण विवाल्दी, सायट्झ, रीडिंग यांच्या सरळ चालीच्या मूव्हमेंटमध्ये मूल जिथे लय सोडतं, तिथे ते बहुतेक वेळा भावनेने थांबत नसतं. पोझिशन बदलायची असते, तार ओलांडायची असते, म्हणून ते रेंगाळतं, आणि त्या रेंगाळण्याची कानाला इतकी सवय होते की ती नजाकत वाटायला लागते. ट्रॅक हा फरक निर्दयपणे दाखवून देतो. ज्याला लय सांभाळता येते, त्यानेच ती सैल सोडली तर शोभते. म्हणजे आक्षेप ट्रॅकवर नसून तो कोणत्या रचनेला आणि किती दिवस वापरायचा, यावर आहे. आणि त्याचं उत्तर रचना बघूनच द्यायचं.

दुसरा आक्षेप सुराचा. पियानो समस्वरी पद्धतीने लावलेला असतो. त्याचा मोठा तिसरा स्वर, म्हणजे आपला शुद्ध गंधार, नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा. ज्याचे कान तानपुऱ्यावर घडले आहेत त्याला हे खटकतं. सतत पियानोबरोबर वाजवून कान बिघडणार नाहीत का? हा प्रश्न महाराष्ट्रात अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तरही आपल्याच घरात आहे. स्केल्स, आर्पेजिओ, दोन तारांवरचे स्वर यांचा रियाज तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर करा. षड्ज पट्टीप्रमाणे लावा आणि शुद्ध सुराची जाण तिथे कमवा. पियानोचा ट्रॅक रचनेसाठी ठेवा, कारण रचना शेवटी पियानोबरोबरच सादर करायची आहे. दोघं एकच स्वर धरतात त्या ठिकाणी पियानो सरकणार नाही, व्हायोलिनलाच सरकावं लागेल. हे सरकणं कळण्यासाठी दोन्ही सूर कानात हवेत. म्हणून तानपुरा आणि पियानो यांतलं एक निवडायचं कारणच नाही.

थोडं यंत्रसामग्रीविषयी. मोबाइलच्या आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून पियानोचा डावा हात जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि लय व हार्मनीचा पाया तर तिथेच असतो. साधा का होईना, वेगळा स्पीकर घ्या आणि परीक्षेत पियानो ज्या बाजूला असेल त्या बाजूला ठेवा. आवाज इतकाच की आपलं वाद्य आपल्याला ऐकू यावं. ब्लूटूथ स्पीकरला आवाज पोचायला किंचित उशीर लागतो, पण नुसतं त्याच्याबरोबर वाजवताना त्याने बिघडत नाही, कारण आपण जे ऐकतो त्यालाच धरून वाजवतो. हेडफोन लावून आपलं वादन संगणकावर वेगळं रेकॉर्ड करायचं असेल, किंवा वादकामागे येणारं अ‍ॅप वापरायचं असेल, तर मात्र वायरच बरी. परीक्षेत ट्रॅक चालतो की नाही, हे गृहीत धरू नका. एबीआरएसएम या परीक्षा मंडळाने 2020 पासून व्हिडिओ पाठवून द्यायच्या परफॉर्मन्स ग्रेड सुरू केल्या. ट्रिनिटी या दुसऱ्या मंडळाकडेही तसा पर्याय आहे. समोरासमोरच्या परीक्षेचे आणि व्हिडिओ परीक्षेचे साथीबाबतचे नियम सारखे नसतात. फॉर्म भरण्याआधी आपल्या वाद्याचा, आपल्या ग्रेडचा, त्या वर्षीचा अभ्यासक्रम वाचा. आणि घरी ट्रॅकबरोबर रियाज करणं वेगळं, तो ट्रॅक वापरून केलेला व्हिडिओ जगासाठी चढवणं वेगळं. भारतीय कायद्यात संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी रचना मुक्त होते, पण रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रसिद्धीपासून 60 वर्षं चालतो. विवाल्दी मुक्त आहे, कालच्या पियानिस्टाचं रेकॉर्डिंग नाही.

एवढं सगळं शोधल्यावरही सर्वांत चांगला ट्रॅक बहुधा इंटरनेटवर मिळणार नाही. जो पियानिस्ट परीक्षेला साथ करणार आहे, त्यालाच वर्षाच्या सुरुवातीला एक तास मागा आणि त्याचं योग्य मानधन द्या. आपल्याच वहीवरून, आपल्याच आवृत्तीची साथ त्याच्याकडून दोनदा वाजवून घ्या, एकदा संथ, एकदा पूर्ण लयीत, प्रत्येक वेळी आधी मोजणी म्हणून. मोबाइल पियानोपासून हातभर अंतरावर ठेवला तरी रियाजापुरतं रेकॉर्डिंग नीट होतं, आणि ते वापरायची परवानगीही तिथेच विचारून घेता येते. गावात पियानिस्ट नसेल तर शहरातल्या एखाद्या पियानिस्टाला पानांचे स्पष्ट फोटो पाठवून फाइल मागवता येते. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात दोन तालमींचे पैसे देण्यापेक्षा वर्षाच्या आरंभी त्यातल्या एकीचे पैसे अशा रेकॉर्डिंगवर घाला. मग जी एक तालीम उरेल, तिच्यात पियानिस्टाला स्वर शिकवत बसावं लागणार नाही. तुम्ही दोघं मिळून ती रचना वाजवू शकाल.